खुंटीवरचा पाय



गेल्या उन्हाळ्यात आम्ही मंगरुळपीर तालुक्यातील एका खेड्यात मंगलपरिणयाला गेलो होतो. विधी आटोपला, जेवणे झाली, आणि परतीच्या एसटीला दीड तास अवकाश होता. त्याच वस्तीत आमचे एक जुने परिचित काकाजी राहतात. भेटून यावे म्हणून त्यांच्या घरात पाऊल टाकले. काकाजी बाजेवर बसलेले होते, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. समोरच्या भिंतीवर खुंटीला एक पाय टांगलेला होता. गुडघ्याखालचा, मातकट रंगाचा, पट्ट्यासकट. त्या पट्ट्यात नातवाचे शाळेचे दप्तर अडकवलेले होते.

तो पाय आम्ही चांगला ओळखत होतो. आठ महिन्यांपूर्वी आमच्या मंडळानेच गाडी करून काकाजींना कृत्रिम पायाच्या शिबिरात नेले होते. पाहुणे आले, हार झाले, पाय वाटप झाले, फोटो निघाले. त्या फोटोत आम्हीही आहोत. खरे सांगायचे तर काकाजींपेक्षा जरा पुढेच उभे आहोत.

"काकाजी, पाय वापरत नाही का?" असे आम्ही विचारले. विचारताना आवाजात थोडा रागही असावा. काकाजी शांतपणे म्हणाले, "पाय देल्ला भाऊ तुम्ही. पन त्याच्यावर चालाचं कोनं शिकवलं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचा हा लेख त्या प्रश्नापायीच लिहीत आहोत.

काकाजींना साखरेची बिमारी. मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना हळूहळू जाते, रक्तपुरवठाही कमी होतो. शेतात बाभळीचा काटा रुतला, तो त्यांना कळलाच नाही. कळला तेव्हा अंगठा काळा पडला होता. अकोल्याला नेले, आणि जीव वाचवण्यासाठी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला, तरी मोठ्या ऑपरेशनची वेळ आली की आपल्याकडचा माणूस बहुधा अकोल्याचीच गाडी पकडतो. काकाजी घरी आले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. कापलेल्या पायाला ठणका लागलेला. काकूंनी गोधडीची घडी करून गुडघ्याखाली दिली होती, ती निसटत होती. आम्ही मोठ्या मायेने तिच्या जागी एक उशी सरकवली. काकाजींना बरे वाटले. आम्हालाही बरे वाटले.

ती उशी दोन महिने तिथेच राहिली, आणि काकाजींचा गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडू लागला! वाकलेल्या गुडघ्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही, बसला तरी माणूस सरळ उभा राहू शकत नाही. एवढी साधी गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. बी. कॉम. पर्यंतच्या शिक्षणात आम्ही ताळेबंद शिकलो, माणसाचा गुडघा शिकलो नाही. पण ठाऊक नसताना पुढाऱ्यासारखे पुढे झालो, हा दोष आमचाच.

पुढचा घोळ पाय मिळाल्यावर झाला. पाय मिळाल्याच्या आनंदात काकाजींनी पहिल्याच दिवशी तो सकाळी घातला आणि संध्याकाळी काढला. दुसऱ्या दिवशी नडगीच्या हाडावर फोड, आठवड्यात जखम. साखरेचे शरीर, जखम भरायला दीड महिना गेला. तेवढ्यात सूज उतरली, उरलेला पाय बारीक झाला, आणि आता तो कृत्रिम पायाच्या पोकळीत, म्हणजे सॉकेटमध्ये, खुळखुळ्यासारखा हलू लागला. काकूंनी पाय धुतला, पुसला आणि खुंटीला अडकवला.

त्या दिवशी एसटीत बसल्यावर आम्हाला विनयपिटकातील एक प्रसंग आठवत राहिला. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले. हा भाग आपल्याला प्रवचनातून माहीत असतो. पण त्याच प्रसंगात पुढे आणखी एक गोष्ट येते, ती फारशी सांगितली जात नाही. कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे आणि कोणत्या रुग्णाची कठीण, हे भगवंतांनी तिथे सांगितले आहे. जो हितकर तेच करतो, त्यातही प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणे वाढले की कमी झाले हे खरे सांगतो आणि वेदना सोसतो, त्याची सेवा सोपी. सेवा करणाऱ्यालाही औषधाचे ज्ञान हवे, हेही तिथेच आहे. म्हणजे नुसती करुणा पुरत नाही, रुग्णाला आणि सेवकाला दोघांनाही शिकावे लागते. आम्ही करुणा घेऊन गेलो होतो, ज्ञान घेऊन गेलो नव्हतो.

मग आम्ही शिकायचे ठरवले. आमच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी रविवारी दोन-दोन तास द्यायचे कबूल केले. मानधन घेतले नाही, फक्त गाडीभाडे घेतले. कारकुनी सवयीने आम्ही त्यांचे सगळे बोलणे वहीत उतरवून घेतले. त्या वहीतले इथे देत आहोत. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी हा अंक जपून ठेवावा. डॉक्टर काही वेगळे सांगत असतील तर मात्र त्यांचेच ऐकावे.

पहिली गोष्ट उशीची. पाय गुडघ्याखाली कापला असेल तर गुडघ्याखाली काहीही ठेवायचे नाही. दुखले तरी नाही. बाजेच्या कडेवरून पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसायचे नाही. खुर्चीवर बसले तर समोर स्टूल किंवा फळी ठेवून त्यावर पाय सरळ ठेवायचा. पाय मांडीतून कापला असेल तर मांड्यांमध्ये किंवा मांडीखाली उशी नको, आणि दिवसातून दोन-तीन वेळा वीस-वीस मिनिटे पालथे झोपायचे, म्हणजे कमरेचा सांधा पुढे आखडत नाही. जखम भरत असतानाचे हे पहिले दोन-तीन महिनेच निर्णायक असतात. याच काळात आपल्याकडे माणसाला "आराम कर" म्हणून एका जागी बसवून ठेवतात.

दुसरी गोष्ट पट्टीची. टाके निघाले, डॉक्टरांनी परवानगी दिली की क्रेप बँडेज बांधायचे असते. ते गोल गोल बांधायचे नाही. गोल बांधले की दोरीने आवळल्यासारखे होते आणि खालचा भाग सुजतो. तिरपे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे बांधायचे. टोकाशी घट्ट, वर येताना सैल. दर चार तासांनी सोडून पुन्हा बांधायचे. ठणका वाढला, कातडी निळसर झाली, तर ताबडतोब सोडायचे. ही पट्टी सूज उतरवते आणि उरलेल्या पायाला निमुळता आकार देते. तो आकार आल्याशिवाय माप घेण्याची घाई करू नये. लवकर पाय मिळावा म्हणून आम्ही काकाजींचे नाव यादीत वर सरकवून घेतले होते. तीही आमची हुशारी अंगाशी आली.

दवाखान्यात उरलेल्या पायाला स्टंप म्हणतात. घरात लोक त्याच्याकडे पाहत नाहीत, त्यावर पांघरूण ओढतात. बाईंनी काकाजींना सर्वांत आधी त्याला हात लावायला लावला. मऊ कपड्याने, मग जरा जाड टॉवेलने हळूहळू चोळायचे, बोटांनी थोपटायचे. त्यामुळे कातडीची अतिसंवेदना कमी होते. काकाजींनी एवढ्या महिन्यांत स्वतःच्या पायाला एकदाही निरखून पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी पाहिले. काकू तेवढ्या वेळ चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या.

धुण्याची वेळ रात्रीची. हे आम्हाला नवीन होते. सकाळी आंघोळीनंतर ओलसर झालेली कातडी सॉकेटमध्ये घातली की चिकटते, घासते, सोलवटते. म्हणून रात्री साध्या साबणाने धुवायचे, साबण पूर्ण काढायचा, टिपून कोरडे करायचे. स्पिरिट लावायचे नाही. सकाळी पाय घालण्यापूर्वी तेल लावायचे नाही. मोजा सुती, रोज धुतलेला, सुरकुती न पडलेला हवा. फाटलेला मोजा शिवून वापरायचा नाही, त्या शिवणीची गाठही जखम करते. सॉकेट आतून ओल्या फडक्याने पुसून रात्रभर उघडे ठेवायचे. खुंटीला टांगायला हरकत नाही, असे बाई हसून म्हणाल्या, पण सकाळी काढायचे!

पाय सैल झाला म्हणून काकाजींनी तो सोडून दिला होता. उरलेला पाय पहिले वर्षभर बारीक होत जातो, हे ठरलेलेच आहे. सैल वाटला की मोज्यावर आणखी एक मोजा चढवायचा. चार-पाच मोजे घालूनही हलू लागला, तर सॉकेट बदलण्याची वेळ झाली. पाय तोच ठेवून सॉकेट नवे करता येते, हेही आम्हाला माहीत नव्हते.

आणि घालण्याचे प्रमाण. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे, तेही दोन-तीन वेळा. प्रत्येक वेळी काढून पाहायचे. कातडीवर लाली येतेच, पण ती दहा मिनिटांत जायला हवी. गेली नाही, तर त्या जागी सॉकेट टोचते आहे असे समजून पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञाला दाखवायचे. स्वतः चाकूने खरवडायचे नाही, आत कापूस कोंबायचा नाही. फोड आला तर तो बरा होईपर्यंत पाय बंद. रोज थोडा थोडा वेळ वाढवत गेले की काही आठवड्यांत माणूस दिवसभर घालू लागतो. उरलेल्या पायाची खालची बाजू आपल्याला दिसत नाही, म्हणून हातातला आरसा हवा. काकाजींच्या घरी हे काम आठवीतल्या नातीने घेतले.

चालण्याच्या सरावासाठी अंगणात चार बल्ल्या रोवून दोन्ही बाजूंना कमरेइतक्या उंचीवर बांबू बांधले. त्यांच्या मधोमध उभे राहून आधी नुसता भार द्यायला शिकायचे. माणूस सगळे वजन चांगल्या पायावर घेतो आणि कृत्रिम पाय नुसता टेकवतो. काकाजींना हे पटेना. मग अंगणवाडीच्या सेविका ताईंनी आपला वजनकाटा आणून दिला. काकाजींचे वजन बावन्न किलो. कृत्रिम पाय काट्यावर ठेवून उभे राहा म्हटले, तर काटा दाखवतो नऊ! अर्धे म्हणजे सव्वीस यायला हवेत. रोज संध्याकाळी वस्तीतली पोरे काट्याभोवती जमायची आणि आकडा ओरडायची. अकरा, चौदा, तेरा, सतरा. तिसऱ्या आठवड्यात चोवीस आले तेव्हा पोरांनी एवढा गलका केला की शेजारची म्हातारी काय झाले म्हणून धावत आली.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. दोन्ही पावले सारख्या लांबीची टाकायची. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. हे पाठ करावे. आणि रात्रीचे सांभाळावे. झोपेतून उठलेला माणूस पाय नाही हे विसरतो आणि नसलेल्या पायावर उभा राहायला जातो. जखम भरत आलेली असताना असे पडून ती पुन्हा उघडल्याची उदाहरणे बाईंनी सांगितली. बाजेशी कुबडी हाताला लागेल अशी ठेवावी, दिवा लावता येईल असे बटण जवळ असावे, आणि लघवीचे भांडे जवळ ठेवण्यात लाज मानू नये.

आता एक नाजूक विषय. काकाजींनी बऱ्याच दिवसांनी, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून आम्हाला सांगितले, "भाऊ, माह्या अंगठ्यात रातच्याले आग होते. पन अंगठा हाय कुठी?" काकूंच्या माहेरच्यांनी याचा अर्थ लावला होता. कापलेला पाय नीट पुरला नाही म्हणून तो छळतो, असे सांगून एका देवऋषीकडे दोन वाऱ्याही झाल्या होत्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून! आम्हाला राग आला, पण नंतर वाटले, दवाखान्यातून घरी पाठवताना कोणी एका वाक्यात जरी सांगितले असते तर हे घर देवऋषीच्या दारी गेले नसते. पाय कापला तरी मेंदूतला पायाचा नकाशा तिथेच राहतो, आणि नसलेल्या पायाच्या वेदना खऱ्याच जाणवतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली या अनुभवाला नाव दिले. पुढे १९९० च्या दशकात आपल्याच देशातून गेलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय पुढे आणला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या पायाचे प्रतिबिंब पाहत तो हळूहळू हलवायचा, म्हणजे मेंदूला दोन्ही पाय हलताना दिसतात. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण काहींना येतो. चोळणे, थोपटणे, पट्टी बांधणे यानेही आराम पडतो, आणि फारच त्रास असेल तर त्यासाठी डॉक्टरांकडे औषधे आहेत. काकाजींना आरशाने अर्धामुर्धा फरक पडला. त्यापेक्षा जास्त फरक, हे वेड नाही आणि भूतही नाही, एवढे कळल्याने पडला.

काकाजींचा पाय जयपूर फूट आहे. त्याची कथा आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. तोवरचे पाय परदेशी धर्तीचे, बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले. आपला माणूस अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. हे ओळखून रबराचे असे पाऊल केले गेले की त्याला बुटाची गरज नाही आणि ते सर्व बाजूंनी लवते. १९८१ साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचे नाव मात्र बरेच मागे राहिले. हाताने काम करणाऱ्याच्या वाट्याला हे येतेच, आपल्याला ते नवीन नाही. १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय विनामूल्य देते. केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेतूनही साधने मिळतात. पुण्यात १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे, मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. सांगायचे एवढेच की पाय मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. अडते ते पुढेच.

सुधा चंद्रन यांना टीव्हीमुळे आपल्या घराघरातील बायाबापड्या ओळखतात. १९८१ साली बसच्या अपघातानंतर त्यांचा पाय गेला, जयपूर फूट बसला, आणि १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. १९८६ च्या 'नाचे मयूरी' चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. लोक त्यांच्या जिद्दीबद्दल बोलतात, ते योग्यच आहे. आम्ही आता मधल्या तीन वर्षांचा विचार करतो. तेवढ्या काळात त्यांना किती वेळा फोड आले असतील, किती वेळा सॉकेट बदलावे लागले असेल!

रविवारच्या या शिकवणीची बातमी पसरली आणि मानोरा तालुक्यातून एक ताई आली. वय तिशीच्या आत. सोयाबीन काढणीच्या हंगामात थ्रेशरवर मजुरीला असताना पाय घसरला आणि यंत्राने ओढला. मांडीतून कापावा लागला. तिला पालथे झोपण्याचा व्यायाम सांगितला तर ती मान खाली घालून गप्प. काकूंनी तिला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले. घर एका खोलीचे, सासरे दिवसभर घरात, त्यांच्यासमोर सुनेने पालथे कसे पडायचे? आमच्या वहीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते तिच्या वस्तीतल्या महिला मंडळाने दिले. शेजारच्या अंगणवाडी मदतनीस ताईंच्या घरी दुपारी दोन ते तीन ती जायची, दार लावून पालथी पडायची. शौचाचा प्रश्नही तिनेच सोडवला. प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या बैठकीला गोल भोक पाडून घेतले आणि तिच्या चारही पायांना रबरी बुचे बसवली, म्हणजे घसरत नाही. पुरुष कार्यकर्त्यांनी या गोष्टी विचारायलाच हव्यात. त्या न विचारता शिबिरे घेऊ नयेत.

ताईला पाय मिळाला, गुडघ्याच्या सांध्यासह. मांडीतून पाय गेलेल्याला चालायला दुप्पट कष्ट पडतात म्हटले तरी चालेल. ती चांगली शिकली. पण चार महिन्यांनी कळले की घरात ती कुबड्याच वापरते, पाय फक्त बाजाराला, दवाखान्यात आणि विहारात जाताना घालते. आम्ही लगेच निराश झालो. बाई म्हणाल्या, "तिला घालता येतो ना? मग केव्हा घालायचा ते ती ठरवेल." तेव्हा आमच्या लक्षात आले की खुंटीवरचे सगळे पाय सारखे नसतात.

काठी आणि कुबडीची लाज मात्र समाजातून जायला हवी. काकाजी विहारात येणे बंद झाले ते याच लाजेने. वंदनेला सगळे खाली बसायचे, त्यांना दाराशी खुर्ची द्यायचे. मान म्हणूनच द्यायचे. पण काकाजींना ते दाराबाहेर बसवल्यासारखे वाटायचे, आणि आपल्या माणसाला दाराबाहेर बसणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही त्यांना एक फोटो दाखवला. बोधिसत्त्व बाबासाहेबांना १९४८ पासून मधुमेहाने घेरले होते, अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा समारंभाला ते आले, तेव्हा त्यांच्या हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर होता. लाखो लोकांसमोर ते तसेच उभे राहिले. काकाजींनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "काठी बाबासायबाच्या हातात हाय, हे म्या कधी पाह्यलंच नव्हतं."

कागदपत्रांचे थोडक्यात. शासकीय रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावे. २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना सवलतींचा हक्क दिला आहे. एसटीच्या साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते, ती कुठे गेली हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. त्यातून अंगणातला सरावाचा कठडाही होऊ शकतो.

काकाजींचा गुडघा तीन महिन्यांच्या व्यायामाने बराच सरळ झाला, पूर्ण नाही. सॉकेट नवे करून घेतले. या आषाढ पौर्णिमेला वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला ते काठी टेकत स्वतः आले. चप्पल बाहेर काढली, दोन्ही पावलांनी आत आले. बसायला त्यांना बराच वेळ लागतो. उठायला त्याहून जास्त. दोघे-तिघे हात द्यायला धावले, तर काकाजी म्हणाले, "सरा बाजूले. बाईनं सांगतलं तसं उठू द्या मले."

चार दिवसांनी नातीला आरशात दुसऱ्या, चांगल्या पायाच्या करंगळीखाली एक फोड दिसला. काकाजींना तो जाणवलाही नव्हता. चपलेत खडा गेला होता. त्याच दिवशी दवाखाना गाठला म्हणून बरा झाला. साखरेच्या माणसाचा एक पाय गेल्यावर दुसऱ्याला धोका जास्त असतो. त्याने अनवाणी फिरू नये, चप्पल झटकून घालावी, आंघोळीच्या पाण्याचा गरमपणा कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावा, पायाला शेक देऊ नये, कुरूप ब्लेडने कापू नये, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, आणि रोज रात्री कोणीतरी तळवा पाहावा.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वंदनेनंतर आमच्या विहारात ही शिकवणी चालते. कोणत्याही जातिधर्माच्या माणसाने यावे. ज्यांच्या घरी पाय खुंटीला, माळ्यावर किंवा पेटीत पडून आहे, त्यांनी तो घेऊन यावे. सोबत असतील तेवढे सगळे मोजे, शुगरची शेवटची चिठ्ठी आणि घरातले एक माणूस आणावे. शक्यतो जे रात्री त्यांच्या जवळ झोपते ते.

जयभीम.